मॅरिलियनचा चाहतावर्ग

मॅरिलियन हा इंग्लंडमधील एक प्रोग्रेसिव्ह रॉक गट असून त्याची स्थापना १९७९ साली बकिंगहॅमशायर काउंटीतील एल्सबरी या गावी झाली. १९८०च्या दशकात या गटाला ब्रिटनमध्ये व युरोपात मोठे व्यावसायिक यश मिळाले. ते यश ओसरल्यानंतरही त्याचा चाहतावर्ग टिकून राहिला आणि पुढे गटाचा आर्थिक आधार बनला. १९९७ साली चाहत्यांनी आपसांत वर्गणी काढून गटाचा उत्तर अमेरिकेचा दौरा घडवून आणला. त्यानंतर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अल्बमसाठी त्यांनी ध्वनिमुद्रणापूर्वीच पैसे भरले. 'क्राउडफंडिंग' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी घडलेल्या या घटनांमुळे संगीतव्यवसायाच्या इतिहासात मॅरिलियनचे नाव त्याच्या गीतांइतकेच त्याच्या श्रोत्यांमुळेही घेतले जाते.

पार्श्वभूमी

प्रोग्रेसिव्ह रॉक हा संगीतप्रकार १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये उदयास आला. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड हे त्याचे प्रमुख गट. तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून वीस-वीस मिनिटांच्या रचना करणे, पाश्चात्त्य अभिजात संगीत व जॅझ यांतील घटक रॉकमध्ये मिसळणे, संपूर्ण अल्बम एखाद्या कथासूत्रात गुंफणे ही त्याची वैशिष्ट्ये होत. १९७६-७७च्या सुमारास पंक रॉकची लाट आली आणि हा प्रकार आडंबरयुक्त, कालबाह्य व हास्यास्पद ठरवला गेला. मॅरिलियनचा जन्म नेमका याच प्रतिकूल काळात झाला. त्याच सुमारास पुढे आलेल्या आयक्यू, पेन्ड्रॅगन, पॅलस, ट्वेल्थ नाइट अशा गटांसह मॅरिलियनचा समावेश 'निओ-प्रोग्रेसिव्ह' प्रवाहात केला जातो.

गटाचे मूळ नाव 'सिल्मरिलियन' असे होते. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या १९७७ साली मरणोत्तर प्रकाशित झालेल्या ग्रंथावरून ते घेतले होते. पुढे त्याचा संक्षेप करून 'मॅरिलियन' हे नाव स्वीकारण्यात आले. गिटारवादक स्टीव्ह रॉदरी १९७९ पासून गटात आहेत. स्कॉटलंडमधील डल्कीथचे डेरेक डिक, ज्यांना रसिक 'फिश' या टोपणनावाने ओळखतात, ते जानेवारी १९८१ मध्ये गायक व गीतकार म्हणून दाखल झाले. कीबोर्डवादक मार्क केली, बेस गिटारवादक पीट ट्रेवावस आणि ड्रमवादक इयन मोझ्ले हे १९८१ ते १९८४ या काळात आले.

या टप्प्यावर एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ईएमआय या कंपनीशी १९८२ साली करार होण्यापूर्वीच गटाने गावोगावच्या लहान सभागृहांतून व लंडनच्या मार्की क्लबमधून कार्यक्रम करून आपला श्रोता मिळवला होता. एकाच महिन्यात तीन-चार गावांतील कार्यक्रमांना हजेरी लावणारे तरुण तेव्हाही होते. म्हणजे कंपनीच्या हाती हा गट आला तो काही प्रमाणात तयार चाहत्यांसह आला.

फिश यांचा काळ (१९८१–१९८८)

'मार्केट स्क्वेअर हीरोज' हे पहिले सिंगल ऑक्टोबर १९८२ मध्ये निघाले. त्याच्या बारा इंची तबकडीवर 'ग्रेंडेल' ही सतरा मिनिटांहून दीर्घ रचना होती. 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी महाकाव्यातील राक्षसाच्या बाजूने ती रचलेली आहे. जुन्या चाहत्यांमध्ये तिला आजही मोठा मान आहे. त्यानंतर 'स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर' (१९८३), 'फुगाझी' (१९८४), 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड' (१९८५) आणि 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज' (१९८७) असे चार अल्बम आले. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड' ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्यातील 'केली' (उच्चार 'केइली') हे गीत दुसऱ्या क्रमांकावर थांबले. पहिले स्थान त्या वेळी ब्रॅडफर्ड येथील फुटबॉल मैदानावरील आगीत बळी पडलेल्यांच्या मदतीसाठी काढलेल्या गीताकडे होते. 'केइली' हे मुलीचे नाव या गीतानंतर ब्रिटनमध्ये लक्षणीय प्रमाणात ठेवले जाऊ लागले. एखाद्या गीताची लोकप्रियता मोजण्यासाठी विक्रीच्या आकड्यांपेक्षा हा पुरावा अधिक बोलका मानावा लागेल.

या काळातील चाहत्यांचे गटाशी असलेले नाते केवळ श्रवणाचे नव्हते. चित्रकार मार्क विल्किन्सन यांनी रंगवलेल्या मुखपृष्ठांवर विदूषक, सरडा, मॅगपाय पक्षी अशा प्रतिमा पुन्हा पुन्हा येत. एका अल्बममधील खूण पुढच्या अल्बमच्या चित्रात कोठे दडली आहे, हे शोधणे हा चाहत्यांचा आवडता उद्योग होता. 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड'च्या मागील बाजूस विदूषक खिडकीतून निघून जाताना दिसतो. फिश यांची गीतरचना शब्दबंबाळ, श्लेषांनी भरलेली आणि आत्मचरित्रात्मक होती. तबकडीसोबत छापील गीते येत आणि ती अभ्यासाच्या पुस्तकासारखी वाचली जात. 'द वेब' हे चाहतामंडळाचे नाव पहिल्या अल्बममधील एका गीतावरून आले आहे, तर चाहते स्वतःला 'फ्रीक्स' म्हणवून घेतात. हेही गटाच्या एका गीताचेच नाव. 'विक्षिप्त' या अर्थाचा हा शब्द इतरांनी हिणवण्यासाठी वापरण्याआधी चाहत्यांनीच स्वीकारला, यात त्यांची विनोदबुद्धी दिसते.

गायकबदल आणि चाहत्यांतील फूट

सततचे दौरे, त्यांचा शरीर-मनावर पडलेला ताण आणि व्यवस्थापनाविषयीचे मतभेद यांमुळे फिश यांनी १९८८ साली गट सोडला. गटाचा चेहरा, आवाज आणि शब्द एकाच वेळी गेले. अशा प्रसंगी बहुतेक गट विसर्जित होतात किंवा पूर्वीच्या गायकाची नक्कल करणारा कोणी शोधतात. मॅरिलियनने यांपैकी काहीच केले नाही. 'द युरोपियन्स' आणि 'हाउ वी लिव्ह' या गटांतून आलेले स्टीव्ह होगार्थ १९८९ मध्ये गायक झाले. त्यांचा आवाज, स्वभाव आणि गीतांची भाषा फिश यांच्यापेक्षा सर्वस्वी निराळी होती. 'सीझन्स एंड' (१९८९) या अल्बमचे बरेचसे संगीत फिश असतानाच तयार होऊ लागले होते. त्यावर नव्या गायकाचे शब्द आले आणि तो ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत गेला.

चाहत्यांत फूट पडली, हे निर्विवाद आहे. काहींनी फिश यांच्यासोबत जाणे पसंत केले, काहींनी दोघांनाही ऐकणे चालू ठेवले, तर काही जण होगार्थ यांच्या काळातच चाहते झाले आणि आधीचे अल्बम त्यांनी मागाहून ऐकले. 'खरा मॅरिलियन कोणता' हा वाद चाहत्यांमध्ये तेव्हापासून सुरू आहे. तो मिटण्याची लक्षणे नाहीत, आणि तो मिटावा अशी चाहत्यांची मनापासून इच्छा असेल असेही वाटत नाही. फिश यांचा काळ सुमारे साडेसात वर्षांचा, तर होगार्थ यांचा तीन दशकांहून अधिक. असे असूनही गटाबाहेरच्या सर्वसाधारण श्रोत्याला आठवते ते 'केली'च.

२६ ऑगस्ट २००७ रोजी एल्सबरीच्या बाजारचौकातील 'हॉबल ऑन द कॉबल्स' या खुल्या कार्यक्रमात फिश यांनी जुन्या सहकाऱ्यांसह 'मार्केट स्क्वेअर हीरोज' गायले. १९८८ नंतर ते प्रथमच एकत्र मंचावर आले होते. पुनर्मीलनाची आशा बाळगणाऱ्यांना त्यामुळे उधाण आले. प्रत्यक्षात ते एका गीतापुरतेच होते.

रॉदरी, केली, ट्रेवावस, मोझ्ले आणि होगार्थ ही पाच जणांची रचना १९८९ पासून बदललेली नाही. रॉक संगीताच्या क्षेत्रात हे स्थैर्य दुर्मीळ आहे आणि चाहत्यांच्या निष्ठेचा विचार करताना ते विसरता येत नाही.

संगीत आणि श्रोता

मॅरिलियनचे संगीत पहिल्या श्रवणात पूर्ण हाती लागत नाही. रॉदरी यांच्या गिटारवादनात वेगाचे प्रदर्शन जवळजवळ नसते. एखादा स्वर लांबवून त्यातील भाव संपेपर्यंत तो धरून ठेवणे ही त्यांची पद्धत आहे. केली यांच्या कीबोर्डवर रचनेचा रंग हळूहळू उलगडत जातो. दहा-पंधरा मिनिटांच्या रचनेत मुख्य ओळ कधी कधी आठव्या मिनिटाला येते. हा संयम ज्याला जमतो तो श्रोता सहसा परत जात नाही.

विषयांची निवडही नेहमीची नाही. 'ब्रेव्ह' (१९९४) हा अल्बम एका खऱ्या घटनेवरून सुचला. सेव्हर्न पुलावर एक मुलगी भटकताना सापडली असून ती आपले नावही सांगत नाही, तिला कोणी ओळखत असल्यास कळवावे, असे पोलिसांचे आवाहन होगार्थ यांनी रेडिओवर ऐकले होते. ती मुलगी तेथे कशी पोहोचली असेल, याची कल्पित कथा म्हणजे हा अल्बम. निर्माते डेव्ह मीगन यांच्यासह त्याचे काम फ्रान्समधील मारुआत या किल्ल्यात सुरू झाले आणि ते अपेक्षेपेक्षा बरेच लांबले. कंपनीच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा होता, पण चाहत्यांच्या पसंतीत 'ब्रेव्ह'चे स्थान कायम वरचे राहिले आहे. विक्री आणि मान यांचे गणित या गटाच्या बाबतीत पुष्कळदा असे उलटे पडते. पुढे 'एस्टोनिया' हे गीत १९९४ साली बाल्टिक समुद्रात बुडालेल्या जहाजाविषयी, तर 'गाझा' (२०१२) ही सतरा मिनिटांची रचना तेथील मुलांच्या जगण्याविषयी आली. शोक, एकाकीपणा, पश्चात्ताप आणि माया हे होगार्थ यांचे कायमचे विषय आहेत. अशा गीतांशी श्रोत्याची गाठ त्याच्या आयुष्यातील एखाद्या कठीण काळात पडली, तर ती सुटणे अवघड असते.

१९९७चा दौरानिधी

'अफ्रेड ऑफ सनलाइट' (१९९५) नंतर ईएमआयशी असलेला करार संपला. पुढील तीन अल्बम कॅसल कम्युनिकेशन्स या तुलनेने लहान कंपनीसाठी करण्यात आले. विक्री घसरत होती, वृत्तपत्रे व रेडिओ यांनी गटाकडे पाठ फिरवली होती.

या सुमारास मार्क केली यांना एका गोष्टीचा शोध लागला. जगभरचे चाहते इ-पत्रांद्वारे एकमेकांशी जोडले गेले होते आणि गटाविषयी रोज चर्चा करत होते. त्यांत अमेरिकेतील चाहत्यांची संख्या बरीच मोठी होती. केली काही काळ निमूटपणे ही चर्चा वाचत राहिले. अमेरिकेचा दौरा का होत नाही, या प्रश्नाला अखेर त्यांनी स्वतःच उत्तर दिले. असा दौरा नेहमीच तोट्यात जातो, पूर्वी तो तोटा कंपनी सोसत असे, आता तो सोसणारे कोणी नाही, असा त्याचा आशय होता. अंदाजे ६०,००० डॉलरची तूट येईल, असा हिशेब होता.

त्यावर एका अमेरिकी चाहत्याने सुचवले की ही तूट आपणच भरून काढू. गटाला हे कितपत शक्य आहे याची शंका होती. चाहत्यांनी मात्र बँकेत स्वतंत्र खाते उघडले आणि पैसे जमवण्यास सुरुवात केली. हिशेबाची सर्व व्यवस्था त्यांच्याच हाती होती. गटाचा त्यात हात नव्हता. देणगी दिली म्हणून तिकीट फुकट मिळणार नव्हते, ते वेगळे विकत घ्यावयाचे होते. काही देणगीदार तर अमेरिकेबाहेरचे होते आणि त्या दौऱ्यातील एकही कार्यक्रम त्यांना पाहावयास मिळणार नव्हता. तरीही सुमारे ६०,००० डॉलर जमले आणि १९९७ च्या उत्तरार्धात दौरा पार पडला.

या घटनेचे महत्त्व रकमेत नाही. कलावंत व श्रोता यांच्यामध्ये तोपर्यंत कंपनी उभी होती. कोणत्या गावी कार्यक्रम होणार, कोणता अल्बम निघणार, हे तीच ठरवत असे आणि तोट्याची जोखीमही तीच घेत असे. येथे ती जोखीम प्रथमच थेट श्रोत्यांनी उचलली. मराठीत आपण राजाश्रय व लोकाश्रय असा भेद करतो. १९९७ साली घडले ते लोकाश्रयाचे नव्या साधनांनी केलेले पुनरुज्जीवन होते.

ॲनोरॅकनोफोबिया (२००१)

अमेरिकेतील अनुभवापासून गटाने धडा घेतला. आपले चाहते कोण आहेत व कोठे आहेत, याची यादी पद्धतशीरपणे जमवण्यास सुरुवात झाली. 'मॅरिलियन डॉट कॉम' (१९९९) या अल्बमचे शीर्षकच गटाच्या संकेतस्थळाचे नाव होते. नव्या श्रोत्यांसाठी 'क्रॅश कोर्स' नावाची ओळखवजा सीडी विनामूल्य पाठवण्यात येई. चाहतामंडळाच्या सदस्यांना १९९८ पासून दर नाताळाला खास ध्वनिमुद्रण भेट म्हणून मिळू लागले.

कॅसलबरोबरचा करार संपल्यावर नवी कंपनी शोधण्याऐवजी गटाने चाहत्यांनाच विचारले, की जो अल्बम अद्याप लिहिलेलाही नाही त्याचे पैसे तुम्ही आगाऊ द्याल का? मराठी वाचकाला 'प्रकाशनपूर्व सवलत' हा प्रकार परिचित आहे. मात्र त्यात ग्रंथ बहुधा लिहून तयार असतो आणि वाचकाला किमतीत सूट मिळते. येथे गीत, संगीत, शीर्षक यांपैकी काहीही अस्तित्वात नव्हते आणि सूटही नव्हती. तरी १२,००० हून अधिक चाहत्यांनी पैसे भरले. त्या पैशांतून अल्बमची निर्मिती झाली.

त्यानंतर वितरणासाठी गट पुन्हा ईएमआयकडेच गेला. आता मात्र भूमिका बदललेली होती. ध्वनिमुद्रणाचा खर्च आधीच भागलेला असल्याने गटाला कंपनीकडून उचल घ्यावी लागली नाही आणि बोलणी बरोबरीच्या नात्याने करता आली. ज्या कंपनीने सहा वर्षांपूर्वी हात सोडला होता, तिच्याशी झालेला हा व्यवहार गटाच्या इतिहासातील सर्वांत समाधानकारक प्रसंगांपैकी एक मानला जातो.

शीर्षकातील विनोद समजावून सांगणे आवश्यक आहे. टोपी असलेल्या जाड कोटाला इंग्रजीत 'ॲनोरॅक' म्हणतात. ब्रिटनमध्ये हा शब्द एखाद्या छंदाच्या नादी लागलेल्या, जगाला कंटाळवाण्या वाटणाऱ्या माणसासाठीही थट्टेने वापरला जातो. कोळ्याच्या भीतीला असलेल्या इंग्रजी शब्दात फेरफार करून 'अशा माणसांची भीती' असा नवा शब्द बनवला गेला. मुखपृष्ठावर ॲनोरॅक घातलेल्या आकृती आहेत. चाहत्यांची थट्टा करणाऱ्यांनाच ही टोपी घातलेली होती. अल्बमसोबत समीक्षकांना पाठवलेल्या पत्रकात त्यांना आव्हान देण्यात आले की परीक्षण अल्बम ऐकून लिहावे आणि त्यात 'प्रोग्रेसिव्ह रॉक', 'जेनेसिस', 'फिश', 'डायनोसॉर' असे ठरीव शब्द वापरू नयेत. पुष्कळांना ते जमले नाही.

मार्बल्स आणि 'यू आर गॉन' (२००४)

पुढील 'मार्बल्स' या अल्बमच्या वेळी आगाऊ रकमेतून ध्वनिमुद्रणाबरोबर प्रसिद्धीचाही खर्च करण्यात आला. ठरावीक मुदतीत पैसे भरणाऱ्यांची नावे विशेष आवृत्तीच्या पुस्तिकेत छापली गेली. हजारो नावांच्या त्या बारीक टंकातील रकान्यांत आपले नाव शोधणे हा अनेकांच्या दृष्टीने अल्बम ऐकण्याइतकाच आनंदाचा भाग ठरला.

एप्रिल २००४ मध्ये 'यू आर गॉन' हे सिंगल ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकावर आले. रेडिओवर त्याला फारसे स्थान मिळालेले नव्हते. १९८७ च्या 'इनकम्युनिकाडो'नंतर गटाचे गीत प्रथमच पहिल्या दहांत पोहोचले होते. चाहत्यांनी ठरवून, पहिल्याच आठवड्यात, वेगवेगळ्या आवृत्त्या विकत घेतल्याचा हा परिणाम होता. यावर 'ही खरी लोकप्रियता नव्हे' असा आक्षेप घेता येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. परंतु कंपन्याही प्रसिद्धीच्या बळावर हेच करीत आल्या आहेत. फरक इतकाच की येथे ती ताकद ग्राहकांची होती.

'क्राउडफंडिंग' हा शब्द २००६ च्या सुमारास वापरात आला आणि 'किकस्टार्टर' ही संस्था २००९ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत मॅरिलियनचा प्रयोग जुना झाला होता.

मॅरिलियन वीकेंड

२००२ सालापासून गट चाहत्यांसाठी 'मॅरिलियन वीकेंड' नावाचे संमेलन भरवत आला आहे. पहिली संमेलने इंग्लंडमधील समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीच्या वसाहतींत झाली. २००७ पासून नेदरलँड्समधील पोर्ट झेलांड हे त्याचे मुख्य ठिकाण बनले. त्या देशात गटाचा चाहतावर्ग पूर्वीपासूनच मोठा आहे. कॅनडातील माँट्रियल, इंग्लंडमधील लेस्टर इत्यादी ठिकाणीही ही संमेलने भरली आहेत.

शुक्रवार ते रविवार अशा तीन रात्री गट तीन वेगवेगळे कार्यक्रम सादर करतो. त्यांपैकी एका रात्री बहुधा एखादा जुना अल्बम पहिल्या स्वरापासून अखेरच्या स्वरापर्यंत वाजवला जातो. एरवी दौऱ्यात कधीही न वाजणारी गीते येथे ऐकावयास मिळतात. निवासाची सोय तेथेच असल्याने कुटुंबे एकत्र येतात. पहिल्या संमेलनाला आईवडिलांसोबत आलेली मुले पुढे स्वतःच्या पैशांनी तिकीट काढून येऊ लागली. गटाचे सदस्य आवारात वावरताना भेटतात आणि त्यांच्याभोवती झुंबड उडत नाही, कारण पुढच्या संमेलनातही ते भेटणारच असतात.

'स्वॅप द बँड' हा या संमेलनांतील विशेष लोकप्रिय भाग आहे. त्यात एका गीतापुरता गटातील एखादा वादक बाजूला होतो आणि त्याची जागा एखादा चाहता घेतो. हे चाहते हौशी वादक असतात आणि आपापल्या घरी वर्षानुवर्षे ती गीते वाजवत आलेले असतात. सर्वांचे वादन उत्तम होते असे नाही. परंतु सभागृहातील प्रत्येकाला मंचावरील व्यक्तीच्या जागी आपण असू शकलो असतो याची जाणीव असते, त्यामुळे टाळ्या कधी कमी पडत नाहीत.

मर्यादा आणि आक्षेप

मॅरिलियनचे उदाहरण अनेकदा 'कंपनीची गरज उरली नाही' या दाव्याच्या पुष्ट्यर्थ दिले जाते. तो दावा सावधपणे तपासावा लागतो. १९९७ साली ज्यांनी पैसे दिले आणि २००१ साली ज्यांनी आगाऊ नोंदणी केली, त्यांतील बहुसंख्य श्रोते गटापर्यंत पोहोचले होते ते १९८० च्या दशकात, ईएमआयने केलेल्या जाहिराती, वितरण आणि दौऱ्यांवरील खर्चामुळे. जो गट आज नव्याने सुरू होतो त्याच्यामागे असे तेरा वर्षांचे संचित नसते. हा मार्ग चाहते मिळवण्याचा नसून मिळालेले चाहते राखण्याचा आहे.

दुसरा आक्षेप कलाविषयक आहे. एकनिष्ठ श्रोत्यांच्या पैशांवर जगणारा कलावंत त्यांना आवडेल तेच करू लागतो, असे म्हटले जाते. गटाच्या बाबतीत हे पूर्णतः खरे ठरत नाही. 'ॲनोरॅकनोफोबिया'मध्ये जुन्या चाहत्यांना अनोळखी वाटणारे ताल व आवाज आहेत आणि 'गाझा'सारखी वादग्रस्त ठरणारी रचना कंपनीच्या दबावाखाली कदाचित झालीच नसती. मात्र वर्तुळ बंदिस्त होण्याचा धोका खरा आहे. चाहत्यांना सर्व काही ठाऊक असते आणि बाहेरच्यांना काहीच माहीत नसते, अशी स्थिती या गटाच्या बाबतीत बराच काळ राहिली. गट अजून अस्तित्वात आहे हे ऐकून आश्चर्य व्यक्त करणारे लोक ब्रिटनमध्येही कमी नाहीत.

ज्या मध्यस्थ संस्थांनी पुढे हा व्यवसाय केला त्यांचा अनुभवही एकसारखा नाही. २००९ मध्ये स्थापन झालेली 'प्लेजम्युझिक' ही संस्था २०१९ मध्ये कोसळली आणि चाहत्यांनी भरलेले पैसे अनेक कलावंतांपर्यंत पोहोचलेच नाहीत. मॅरिलियनने तिच्यामार्फत २०१६ चा अल्बम काढला होता, पण तो त्यापूर्वीच चाहत्यांच्या हाती पडला होता.

अलीकडील काळ

'एफ.ई.ए.आर.' (२०१६) हा अल्बम ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर पोहोचला. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमात त्यातील सर्व रचना सलग सादर झाल्या.

करोनाच्या साथीनंतर २०२१ साली गटापुढे १९९७ सारखाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनचा दौरा ठरला होता. परंतु गटातील वा तंत्रज्ञांतील एकालाही संसर्ग झाला तर तो रद्द करावा लागला असता आणि अशा नुकसानीचा विमा उतरवण्यास कोणी तयार नव्हते. तेव्हा चाहत्यांनीच विमा कंपनीची जागा घेतली. 'लाइटसेव्हर्स' नावाच्या या योजनेत सुमारे १,५०,००० पौंड जमवून त्रयस्थाकडे सुरक्षित ठेवावयाचे होते. दौरा निर्विघ्न पार पडल्यास पैसे परत आणि तो मध्येच थांबला तर त्यातून खर्चाची भरपाई, अशी अट होती. तिकिटे अर्थातच वेगळी घ्यावयाची होती.

मार्च २०२२ मध्ये 'ॲन अवर बिफोर इट्स डार्क' हा अल्बम प्रकाशित झाला. 'केअर' ही त्यातील अखेरची दीर्घ रचना आजार, मृत्यू आणि रुग्णांची शुश्रूषा करणारे लोक यांच्याविषयी आहे. हा अल्बम ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आला. इतके वरचे स्थान गटाच्या अल्बमला १९८७ नंतर, म्हणजे फिश यांच्यासोबतच्या 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज'नंतर, प्रथमच मिळाले.